हिवतापाची लस : पदरात पडले ते आणि राहिले ते



मी कामगार संघटनेचा माणूस. शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. हिवतापाच्या लशीवर हा काय बोलणार, असे कोणाच्या मनात आले तर ते साहजिकच आहे. पण या रोगाशी माझी ओळख पुस्तकातली नाही. एका इमारतीच्या कामावर उघड्या हौदांत डास माजले होते. मजूर एकामागून एक थंडीतापाने पडले. खाडे झाले, रोज बुडाला. एक बिगारी तर पुन्हा उठलाच नाही. हौदांना झाकणे बसवून घेण्यासाठी आम्हाला दोन दिवस काम बंद ठेवावे लागले. तेव्हापासून मी विचारत आलो : देवीवर लस निघाली, मग हिवतापावर का नाही?

उत्तर जंतूच्या स्वभावात आहे. 1880 साली लाव्हराँने तो माणसाच्या रक्तात पाहिला. 1897 साली रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेत तो डासाच्या पोटात शोधून काढला. डास चावला की जंतू यकृतात शिरतो, तेथे वाढतो आणि मग हजारोंच्या संख्येने रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडतो. प्रत्येक मुक्कामावर त्याच्या अंगावरची प्रथिने बदलतात. लस म्हणजे शरीराला शत्रूची ओळख पटवून देणे. पण हा शत्रू नाक्यानाक्यावर अंगरखा बदलतो. फाल्सिपेरम जातीचा जंतू तांबड्या पेशीवर जे प्रथिन मांडतो, त्याचे सुमारे 60 नमुने त्याच्यापाशी तयार असतात. शरीर एक ओळखते, तोवर तो दुसरा काढतो.

मग धरायचे कोणते प्रथिन? 1967 साली रूथ नुसेन्झ्वाइग यांनी क्ष-किरणांनी दुबळे केलेले जंतू उंदरांना टोचले आणि उंदीर वाचले. हे जंतू यकृतात शिरण्यापूर्वीच्या अवस्थेतले होते. त्यांच्या अंगावरचे मुख्य प्रथिन पुढे सापडले. त्याचा तुकडा काविळीच्या विषाणूच्या प्रथिनाला जोडून लस झाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली तिची शिफारस केली. 2023 साली दुसरीची केली. ती ऑक्सफर्डला तयार झाली आणि तिचे उत्पादन आपल्या पुण्यात होते.

दुसरा नाका रक्तातला. तांबड्या पेशीत शिरताना जंतूला आरएच-५ नावाचे प्रथिन वापरावेच लागते आणि ते फारसे बदलत नाही. म्हणून शास्त्रज्ञांचा डोळा आता त्यावरही आहे.

पहिल्या लशीच्या आफ्रिकेतील मोठ्या चाचणीत, चार टोचण्या घेतलेल्या लहान मुलांत सुमारे चार वर्षांत आजारपणे 36 टक्क्यांनी घटली. एवढेच? असे कोणी म्हणेल. आम्ही वाटाघाटीला बसणारी माणसे. शंभर मागण्यांतील छत्तीस मान्य झाल्या तर करार फाडत नाही, आणि मोर्चाही मोडत नाही. हिवतापाने वर्षाला सुमारे सहा लाख माणसे मरतात. त्यांत बहुतेक आफ्रिकेतील लहान मुले. त्या हिशेबात छत्तीस टक्के म्हणजे किती घरांतले दिवे, हे आपणच मोजा.

मात्र या लशी फाल्सिपेरमवरच्या आहेत. आपल्याकडचा व्हायवॅक्स त्यांना जुमानत नाही. म्हणून घरी जाताना वाटेतल्या बांधकामाकडे एकदा पाहा. तिथला हौद उघडा असेल, तर तो झाकून घेणे हे तुमचे-आमचेच काम आहे.