करमणूक मंडळे आणि मद्याचा परवाना



पेडणे तालुक्यातील गावोगावी आज एखादे तरी क्रीडामंडळ वा करमणूक मंडळ आढळते. फुटबॉलचा संघ, कॅरमचे टेबल, वर्षाकाठी एक नाटक नि एक स्पर्धा, एवढा त्याचा संसार असतो. वर्गणी थोडी आणि खर्च फार. मग कार्यकारिणीच्या बैठकीत कोणीतरी सुचवितो, "सभासदांपुरता बार का सुरू करू नये? नफा कोणाच्या घरी जाणार नाही. मग परवाना तरी कशाला हवा?" हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. न्यायालयांनीही त्याचा विचार केलेला आहे.

इंग्लंडात १८८२ साली ग्राफ विरुद्ध इव्हान्स या खटल्यात न्यायालयाने असे ठरविले, की क्लबातील मद्य सर्व सभासदांच्या सामाईक मालकीचे असते. म्हणून एका सभासदाने पैसे देऊन बाटली घेतली तरी ती विक्री होत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये मद्रासच्या एका संस्थेच्या आणि २०१९ मध्ये कलकत्ता क्लबच्या प्रकरणी विक्रीकरासंबंधी हेच तत्त्व मान्य केले. स्वतःच स्वतःला माल कसा विकणार, हा त्यातील युक्तिवाद होय.

परंतु हे भारतीय निवाडे कराचे आहेत, परवान्याचे नव्हेत. मद्याचे नियमन हा आपल्या राज्यघटनेप्रमाणे राज्यांचा विषय आहे, आणि मद्याचा व्यापार हा कोणाचाही मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या खोडे डिस्टिलरीज निकालात स्पष्ट केले. गोव्यात १९६४ चा अबकारी कर कायदा व त्याखालील नियम लागू आहेत. संस्था नफ्यासाठी नाही, एवढ्याने त्यातून सुटका होत नाही. शाळा व प्रार्थनास्थळे यांच्यापासून १०० मीटरांच्या आत परवाना देऊ नये, असा त्या नियमांतील दंडक आहे. अर्थात त्यात सवलतीच्या वाटाही आहेत. आमच्या गावांत देऊळ, कपेल, शाळा आणि मंडळाची खोली ही पुष्कळदा एकाच आवारालगत असतात. त्यामुळे अर्ज लिहिण्यापूर्वी टेप घेऊन अंतर मोजणे शहाणपणाचे.

महामार्गाची गोष्ट निराळी. १५ डिसेंबर २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गापासून ५०० मीटरांच्या आतील मद्यविक्रीस बंदी झाली. ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजारांपर्यंत वस्तीच्या ठिकाणी हे अंतर २२० मीटर करण्यात आले. पत्रादेवीपासून कोलवाळच्या पुलापर्यंत आमच्या तालुक्यातून महामार्ग जातो. तेव्हा ही चिंता आमच्या दाराशीच होती. पुढे जुलै २०१७ मध्ये पालिकाक्षेत्रे या बंदीतून वगळली गेली.

पत्रादेवीपलीकडे सिंधुदुर्गात १९४९ च्या दारूबंदी कायद्याची परंपरा चालते. तेथे पिणाऱ्यालाही परवाना लागतो आणि क्लबांसाठी 'एफ. एल. चार' या नावाचा वेगळा परवाना असतो. नाका ओलांडला की कायदा बदलतो, माणसे मात्र तीच राहतात.

इंग्लंडातील अनुभव येथे उपयोगी पडेल. 'सामाईक मालकी'ची पळवाट लोकांनी इतकी वापरली, की १९०२ मध्ये मद्य देणाऱ्या क्लबांची नोंदणी सक्तीची करावी लागली. तेथील २००३ च्या कायद्याच्या अटी पाहा. किमान पंचवीस सभासद हवेत. अर्ज केल्यापासून निदान दोन दिवस तरी सभासदत्वाचे हक्क मिळू नयेत. मद्याची खरेदी निवडून आलेल्या समितीनेच करावी. आणि तिच्यावर कोणी दलाली खाऊ नये. दारात नाव लिहून लगेच पेला हाती घेणाऱ्याला त्या कायद्याने सभासद मानलेले नाही.

या अटी आपल्याकडे कायद्याने लागू नाहीत; पण मंडळाने त्या स्वतःच्या घटनेत घालून घेण्यास कोणाची आडकाठी आहे? बाहेरच्या माणसाला पहिला पेला विकला त्या दिवशी मंडळ संपले आणि ताव्हेर्न सुरू झाले, असे मी मानतो.

फेणी ही गोव्याची निर्मिती आहे. २००९ मध्ये काजूच्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले. तिच्याविषयी तुच्छता बाळगण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. बारचे उत्पन्न मैदानाच्या खर्चापेक्षा मोठे झाले, की बैठकीत मैदानाचा विषय शेवटी येतो, आणि पुढे येतच नाही. संध्याकाळी चेंडू घेऊन आलेला चौदा वर्षांचा मुलगा मग कोठे बसेल? त्याच्या आईने त्याला तेथे का पाठवावे?

म्हणून कार्यकारिणीने परवान्याचा अर्ज करण्यापूर्वी सर्वसाधारण सभा बोलवावी. तीत तीन गोष्टी लिहून मंजूर कराव्यात: मद्य फक्त नोंदलेल्या सभासदांना, मुलांच्या खेळाच्या वेळी बार बंद, आणि बारचा जमाखर्च वेगळा, सर्वांना पाहता येईल असा. या तीन ओळींवर एकमत झाले नाही, तर अर्ज न करणे बरे. अबकारी खाते परवाना देईल किंवा नाकारील; मंडळ कशासाठी आहे, हे मात्र गावानेच ठरवावयाचे आहे.