मोटर फिरवणाऱ्या चार ओळी

डेनिस रिची यांनी 1972च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेली सी भाषा आजही छोट्या रोबोंच्या मोटरी फिरवते. सुरुवातीला लागतं काय? आर्डुइनो उनो बोर्ड, एल-298-एन मोटर ड्रायव्हर, बॅटरी आणि दोन पिवळ्या बीओ मोटरी.

मोटर थेट बोर्डाच्या पिनेला जोडू नका. पिनेतून 20 मिलिअँपिअरच घ्यावेत. मोटर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. म्हणून मध्ये ड्रायव्हर. त्याच्या एका इनपुटला हाय, दुसऱ्याला लो दिलं की मोटर सुलट फिरते, अदलाबदल केली की उलट. लिहायचं इतकंच: डिजिटलराइट, कंसात पिनेचा क्रमांक, स्वल्पविराम, हाय, कंस पूर्ण करून शेवटी अर्धविराम. हा अर्धविराम विसरलात तर प्रोग्राम बोर्डावर चढायचाच नाही!

वेगाची गंमत वेगळी. ड्रायव्हरच्या एनेबल पिनेवरचा जंपर काढून ती बोर्डाला जोडायची आणि अ‍ॅनालॉगराइटला शून्य ते 255 मधला आकडा द्यायचा. 128 दिला की बोर्ड बहुतेक पिनांवर सेकंदाला सुमारे 490 वेळा वीज चालू-बंद करतो, निम्मा वेळच चालू ठेवतो. आकडा फारच लहान दिला तर मोटर नुसती गुणगुणते, जागची हलत नाही. नवशिके मग उगाच कोड तपासत बसतात. आधी आकडा वाढवून पाहा.

आणि हो, बोर्ड व ड्रायव्हर यांचे ग्राउंड एकमेकांना जोडलेले हवेत. ते नसतील तर बिनचूक प्रोग्रामवरही मोटरीचा भरवसा धरू नका.