हाडं कुणाची कच्ची?

(तुमसर इथं महिला कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेलं भाषण)



बेसबॉलवर बोलणार म्हटल्यावर काही जणी हसल्या. धानाच्या गावात या खेळाचं काय काम, असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्या शालेय क्रीडा स्पर्धांमध्येही हा खेळ आहे, आणि मुलींना तो कसा मिळाला ते ऐकण्यासारखं आहे.

अमेरिकेत ‘लिटल लीग’ ही संस्था १९३९ पासून मुलांचा बेसबॉल भरवते. विल्यम्सपोर्टला होणाऱ्या तिच्या अजिंक्यपद स्पर्धेत आता देशोदेशीचे संघ येतात. १९५० साली कॅथरिन जॉन्स्टन वेण्या कापून, मुलगा म्हणून नाव देऊन खेळली. त्यानंतर संस्थेनं नियमच केला, मुली चालणार नाहीत.

१९७२ मध्ये न्यू जर्सीतल्या होबोकेन गावात मारिया पेपे संघात आली. चेंडू टाकायची. तीन सामने झाले आणि संस्थेनं धमकावलं, मुलगी ठेवाल तर गावाची मान्यता काढू. तिला बाहेर बसावं लागलं. ‘नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन’ या बायकांच्या संघटनेनं तिच्यासाठी तक्रार केली. सुनावणीत संस्थेच्या शास्त्रज्ञानं काय सांगावं? मुलींची हाडं मुलांपेक्षा कच्ची असतात!

बायांनो, रोवणीच्या दिवसांत आपण आणि आपल्या पोरी बांधीच्या चिखलात दिवसभर कमरेत वाकून पऱ्हे लावतो. तेव्हा कुणी आपली हाडं तपासली आहेत का? कामाला हाडं पक्की आणि खेळायला कच्ची, हे शास्त्र आपल्याही घरात चालतं.

सिल्व्हिया प्रेसलर या बाईंपुढं सुनावणी झाली. नोव्हेंबर १९७३ मध्ये त्यांनी मुलींच्या बाजूनं निकाल दिला, पुढच्या वर्षी न्यायालयानं तो कायम केला. मुली घेण्यापेक्षा खेळच बंद ठेवलेला बरा, म्हणून कितीतरी संघ घरी बसले. १९७४ च्या डिसेंबरात कायद्यातला ‘मुलगे’ हा शब्दही बदलला.

त्याच वर्षी संस्थेनं मुलींसाठी वेगळा सॉफ्टबॉल सुरू केला. मला यात चलाखी दिसते. पुढं ऑलिंपिकमध्येही तेच झालं, पुरुषांना बेसबॉल आणि बायकांना सॉफ्टबॉल. सॉफ्टबॉल हलका खेळ नाही, आपल्या महाराष्ट्रातल्या मुली तो जीव ओतून खेळतात. पण कोणता खेळायचा ते मुलीनं ठरवलं का, एवढंच माझं विचारणं आहे. बायकांचा बेसबॉल विश्वचषक सुरू व्हायला २००४ साल उजाडलं. २०१७ मध्ये हाँगकाँगला बायकांचा आशिया चषक झाला, तिथं भारताच्या मुलीही बेसबॉलच खेळल्या.

१५ ऑगस्ट २०१४ ला विल्यम्सपोर्टच्या त्याच स्पर्धेत मोने डेव्हिस या तेरा वर्षांच्या काळ्या मुलीनं समोरच्या संघाला एकही धाव काढू दिली नाही. सामना ४-० असा जिंकला.

आणि मारिया? निकाल लागेपर्यंत तिचं वय उलटून गेलं होतं. ती परत कधीच त्या संघात खेळली नाही. २००४ मध्ये संस्थेनं तिला मानानं बोलावलं, पहिला चेंडू टाकायला. तीस वर्षांनी!

आपल्या शालेय स्पर्धांतही चौदा, सतरा, एकोणीस असे वयाचे गट आहेत. गेलेलं वर्ष परत मिळत नाही. पावसाळ्यात शाळेच्या मैदानावर संघ निवडतात, तेव्हा आपली पोरगी बांधीत असते. म्हणून यंदा रोवणीआधीच चौघीचौघींनी शाळेत जायचं. मुलींचे कोणते संघ पाठवणार आणि निवड कोणत्या दिवशी, हे मुख्याध्यापकांना विचारायचं. त्या दिवशी पोरीला शेतात न्यायचं नाही. तिच्या रांगेत आपण उभं राहू.