आधी छप्पर की आधी उपचार?
पुलाखाली झोपणाऱ्या व्यसनी माणसाची अडचण दुहेरी असते. अनेक रात्रनिवाऱ्यांत नशेतल्या माणसाला घेत नाहीत, आणि अनेक व्यसनमुक्ती केंद्रांत दाखल होताना घरचं माणूस सोबत लागतं. ज्याला घरच नाही, त्यानं कुणाला आणायचं?

तरतुदी आहेत. शहरात दर लाख लोकांमागे एक कायमचा निवारा हवा. २०११च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती, म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. प्रत्यक्षात फारच थोडे आहेत. अमली पदार्थांचा कायदा १९८५चा. त्याच्या कलम ६४-अ नुसार, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी पूर्ण उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. हे चौकीत किती जणांना सांगितलं जातं, देव जाणे!

फिनलंडने २००८पासून उलट क्रम धरला: आधी घराची किल्ली, व्यसन सोडण्याची पूर्वअट नाही. तिथली दीर्घकालीन बेघरी बरीच घटली. आपल्याकडे निदान निवाऱ्यातच उपचारांची सोय करायला काय हरकत आहे?

व्यसनमुक्तीसाठी सरकारी मदतवाहिनी आहे १४४४६. फोन निःशुल्क आहे, आणि ओळखीपाळखीच्या कुणासाठीही तो तुम्हाला करता येतो.