घरची वही



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे आणि माझ्यासारख्याने ऐकावे, हा खरा रिवाज. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि एका वहीत. त्या वहीविषयी आज बोलणार आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. माझे वडील त्यांतले एक. घरातले धान्य संपत आले, तेव्हा आई आम्हां भावंडांना घेऊन कोकणात गावी आली. निघताना वडिलांनी मला एक वही दिली आणि म्हणाले, "घरात घडेल ते रोज लिही. येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठव, मी वाचून परत धाडीन."

आई सांगे, मी लिही, धाकटी बहीण चित्रे काढी. वडील चुकांवर काट मारीत नसत. समासात प्रश्न विचारीत. "तांदळाचा भाव लिहिलास, माप कुठे आहे?" "विहिरीचे पाणी उतरले, म्हणजे किती हात?" मग दोरी सोडून पाणी मोजावे लागे. गणित आले ते असे.

एकदा आईने गाय विकली आणि बजावले, "हे लिहू नकोस. त्यांचा जीव तुटेल." मी लिहिले नाही, पण हिशेबात "दूध, अर्धा लिटर" अशी नोंद करून बसलो. वही परत आली, तेव्हा समासात एवढेच होते : "दूध विकत का?" त्या रात्री आईने रडत खरी हकीकत सांगितली आणि मी ती लिहिली. आकडा खोटे झाकू देत नाही, हा धडा पुढे मालकांचे ताळेबंद वाचताना मला उपयोगी पडला.

पुढे वाचनात कळले, की ही युक्ती आमच्याच घरची नव्हे. लंडनमधील स्टीफन कुटुंबातील मुलांनी १८९१ साली घरातल्या बातम्यांचे साप्ताहिक काढले होते. त्यांतली नऊ वर्षांची मुलगी, जिला भावांसारखे शाळेत घातले नव्हते, ती पुढे व्हर्जिनिया वुल्फ म्हणून प्रसिद्धीस आली. फ्रान्समध्ये सेलेस्ताँ फ्रेने या शिक्षकाने, जो शिक्षकांच्या संघटनेतलाही कार्यकर्ता होता, १९२४ च्या सुमारास खेड्यातल्या शाळेत लहानसा छापखाना आणला. मुले आपल्याच आयुष्यातला मजकूर जुळवून छापीत आणि दूरच्या शाळेतील मुलांना पाठवीत. तिन्हीकडे मर्म एकच : लिहिणाऱ्याला वाट पाहणारा वाचक हवा.

कोणी म्हणेल, मग शाळा कशाला? तसे मात्र नव्हे. २००९ च्या कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. तो सोडू नका. वही ही शाळेची सोबतीण आहे, सवत नव्हे. माझी शाळा सुटली याचे दुःख वहीने हलके केले, पुसले नाही.

तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. वडील गावी परतले आणि वाचणारा घरीच आला म्हणून वही थांबली. ती थांबवायला नको होती, असे आज वाटते. पोटासाठी दूर राहणारे आईबाप आजही थोडे नाहीत. फोनवर "सगळे ठीक" एवढ्यावर त्यांनी समाधान मानू नये. मुलाला लिहायला सांगावे, आणि समासात एक प्रश्न जरूर विचारावा.