पार्सल उशिरा पोचतंय म्हणजे हरवलं असं नव्हे

आज गटाच्या कामातला असा विषय घेतला आहे, की ज्याच्यामुळे चांगल्या चाललेल्या गटातही बायकांची तोंडं फिरतात. आपल्यातल्या बऱ्याच गटांच्या गोधड्या, कुंच्या, दुपटी, कापडी बाहुल्या आता परदेशी जायला लागल्या आहेत. आपल्याकडच्या लेकीसुना जर्मनीला, अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला राहतात. बाळाच्या बारशाला आपल्याकडची गोधडी हवी असं त्यांना वाटतं. मोबाईलवर फोटो बघून मागणी येते, पैसे जमा होतात, आपण पार्सल करतो. आणि मग तीन आठवडे झाले तरी ते पोचत नाही. तिकडून निरोपावर निरोप. इकडे सभेत पहिला प्रश्न येतो, "पार्सल कोणी केलं होतं? पत्ता कोणी लिहिला होता?"

मला आज दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. पार्सल उशिरा पोचत असताना काय करायचं, ही एक. आणि खरंच गहाळ झालं तर नुकसान कोणी सोसायचं, ही दुसरी.

आधी आपलं पार्सल जातं कसं ते समजून घेऊ. पोस्टात ते दिलं की पावतीवर एक नंबर मिळतो. सुरुवातीला दोन इंग्रजी अक्षरं, मध्ये नऊ आकडे आणि शेवटी 'आयएन', म्हणजे इंडिया. एकूण तेरा खुणा. पार्सल गावातून तालुक्याला, तिथून मोठ्या शहरातल्या परदेशी टपालाच्या कार्यालयात जातं. तिथे आपल्या देशाची कस्टम तपासणी होते. मग विमान. तिकडे उतरल्यावर त्या देशाची कस्टम तपासणी. त्यानंतर ते तिथल्या टपालखात्याच्या हाती जातं आणि तिथला पोस्टमन दारात नेतो.

आपल्याकडून पार्सल निघाल्यापासून तिकडे नोंद होईपर्यंत मधल्या काळात नंबर टाकून पाहिलं तर काहीच हलताना दिसत नाही. कधी आठवडा, कधी त्याहून जास्त. बायका इथेच घाबरतात. पण वाटेत नोंद करणारं कोणी नसतं, म्हणून ती शांतता असते. तेव्हा तोच नंबर ज्या देशात पार्सल चाललंय त्या देशाच्या टपालाच्या संकेतस्थळावर टाकून बघा. आपल्याकडे दिसत नाही ते पुष्कळदा तिथे दिसतं.

आता कागद-पेन घ्या. पार्सल गेलं त्या दिवसापासून दिवस मोजायचे आहेत.

पहिल्या दिवशी पावतीचा फोटो काढून गटाच्या फोनवर ठेवायचा. पावतीची शाई महिन्या-दोन महिन्यांत उडते, फोटो राहतो. पार्सल बंद करण्याआधी आतल्या मालाचा आणि बंद केल्यावर पत्त्याचा, असे आणखी दोन फोटो. वहीत तारीख, नंबर, देश, किंमत, टपालखर्च लिहायचा. आणि ग्राहकाला त्याच दिवशी नंबर कळवायचा.

पंधराव्या दिवशी आपणहून नंबर तपासायचा. ग्राहकाने विचारायची वाट बघायची नाही. पार्सल कुठवर गेलं ते तिला कळवायचं. निरोप साधा असावा. "ताई, नमस्कार. तुमचं पार्सल अमुक तारखेला निघालं. आज तुमच्या देशाच्या कस्टममध्ये असल्याचं दिसतंय. कस्टमचं पत्र किंवा फोन आला तर लगेच कळवा. मी येत्या सोमवारी पुन्हा बघून सांगते." आणि सोमवारी सांगायचंच, नवीन काही नसलं तरी. तिला पार्सलच्या उशिरापेक्षा आपल्या गप्प बसण्याचा राग जास्त येतो. "उद्या नक्की मिळेल" असं मात्र कधी लिहू नका. ते आपल्या हातात नाही.

तिसाव्या दिवशीही पोचलं नाही तर पोस्टात लेखी चौकशी द्यायची. हा तीस दिवसांचा नियम आपण आपल्यापुरता ठरवून घ्यायचा आहे. आंतरराष्ट्रीय टपालाच्या नियमात चौकशीची मुदत पार्सल दिल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सहा महिने आहे. पण स्पीड पोस्टासारख्या सेवेची मुदत कमी असू शकते आणि खासगी कुरिअरची तर आणखी कमी. म्हणून ताणायचं नाही.

ही चौकशी पाठवणाऱ्यानेच करायची असते. पुष्कळ जणींना वाटतं, पार्सल तिकडे गेलं, आता तिनेच तिच्या पोस्टात विचारावं. पण टपालाच्या जागतिक नियमाप्रमाणे पार्सल घेणाऱ्याच्या हाती पडेपर्यंत ते पाठवणाऱ्याच्या मालकीचं असतं. म्हणून ज्या पोस्टात पार्सल दिलं तिथे पावती, आतल्या मालाची यादी आणि किंमत घेऊन जायचं. ग्राहकाकडून "पार्सल मिळालेलं नाही" असं लिहून घेतलेलं सोबत असावं. अर्ज तोंडी करायचा नाही. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. टपालखात्याचा फुकट फोन नंबर आहे, १८०० २६६ ६८६८. पुन्हा सांगते, १८०० २६६ ६८६८. तिथेही तक्रार नोंदवता येते.

आता एक घडलेली गोष्ट सांगते. आमच्या भागातल्या एका गटाने जर्मनीला बारशासाठी कुंची आणि दुपटं पाठवलं. माल तीन हजार दोनशेचा. नंबरवर दिसायला लागलं, की पत्त्यावर त्या नावाची व्यक्ती सापडली नाही. सभेत एकीने म्हटलं, पत्ता जिने लिहिला तिने पैसे भरावेत. ती बाई रडकुंडीला आली. तिने तर ग्राहकाने पाठवलेला पत्ता अक्षर न् अक्षर उतरवला होता.

गटाच्या सचिवाने भांडण थांबवलं आणि ग्राहकाला एकच प्रश्न विचारला, "तुमच्या दारावरच्या घंटीवर नाव कोणाचं आहे?" नाव होतं नवऱ्याच्या आडनावाचं. पार्सलवर होतं तिच्या माहेरच्या आडनावाचं. जर्मनीतल्या पुष्कळ इमारतींत आपल्यासारखा फ्लॅट नंबर नसतो. घंटीवर आणि टपालपेटीवर जे नाव असेल तेच बघून टपाल देतात. पार्सल जवळच्या केंद्रात ठेवलेलं होतं. तिथे ते थोडेच दिवस ठेवतात, मग परत पाठवतात. ती ओळखपत्र घेऊन दुसऱ्याच दिवशी गेली आणि घेऊन आली. सभा भांडणातच संपली असती तर ते पार्सल परतीच्या वाटेला लागलं असतं, आणि एक बाई गट सोडून गेली असती.

यातून घ्यायचं ते हे, की बऱ्याच वेळा "हरवलेलं" पार्सल कुठेतरी थांबलेलं असतं. कधी कस्टमला बिल हवं असतं, कधी कर भरायचा असतो, कधी नाव जुळत नसतं. म्हणून ग्राहकाला आधी तीन प्रश्न विचारा. दारावर नाव कोणाचं? कस्टमचं पत्र, निरोप, चिठ्ठी काही आलं आहे का? शेजाऱ्याने घेऊन ठेवलंय का?

मागणी घेताना थोडी काळजी घेतली तर पुढचा त्रास वाचतो. पत्ता ग्राहकाकडून लिहून घ्या, तोंडी घेऊ नका. पिनकोडसारखा त्यांचा जो आकडा असतो तो आणि तिथला मोबाईल नंबर हवाच. कस्टमच्या फॉर्मवर वस्तू काय आहे ते नीट लिहा. नुसतं "कापड" लिहू नका, "बाळाची सुती गोधडी, नग एक" असं लिहा. खरी किंमत लिहा. काही ग्राहक म्हणतात, "ताई, गिफ्ट लिहा, म्हणजे कर लागणार नाही." ऐकू नका. विकलेली वस्तू भेट होत नाही. युरोपीय संघाच्या देशांत १ जुलै २०२१ पासून बाहेरून विकत मागवलेल्या लहानशा वस्तूवरही कर आहे. खोटं लिहिलेलं पकडलं तर पार्सल अडकतं. शिवाय किंमत कमी लिहिली आणि पार्सल गहाळ झालं, तर भरपाई मागायची वेळ आल्यावर आपणच लिहिलेली किंमत आपल्या आड येते. कर तिकडे भरावा लागेल हे ग्राहकाला आधीच सांगून ठेवा.

फॉर्मवर आणखी एक रकाना असतो, पार्सल देता आलं नाही तर काय करायचं? "परत पाठवा" की "सोडून द्या". तो भरायला विसरू नका. परत येण्याचा खर्च कोणावर, तेही काउंटरवर विचारून घ्या.

नेहमी माल पाठवणाऱ्या गटांनी जवळचं डाकघर निर्यात केंद्र कुठे आहे ते पोस्टात विचारावं. देशभरात अशी हजाराच्या वर केंद्रं आहेत. कस्टमचे कागद तिथून ऑनलाइन भरता येतात. त्यासाठी आयात-निर्यात क्रमांक लागतो, त्याची सरकारी फी ५०० रुपये आहे.

आणि मागणी घेण्याआधी, त्या देशाला सध्या टपाल चालू आहे का, हे विचारायचं. हसू नका. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढली. आपल्या टपालखात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं. ती पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, तेही कर आधी इथेच भरण्याच्या पद्धतीने. त्या वर्षी दिवाळी २० ऑक्टोबरच्या आसपास होती. सप्टेंबरात दिवाळीच्या मागण्या घेऊन बसलेल्यांचं काय झालं असेल, विचार करा. म्हणून सणाचा किंवा बारशाचा माल निदान दीड-दोन महिने आधी निघेल अशाच मागण्या घ्या. उशीर झाला असेल तर "वेळेत पोचणार नाही" असं सरळ सांगा.

आता पैशाचं. ग्राहक म्हणते, दुसरं पाठवा नाहीतर पैसे परत द्या. घाईने दुसरं पार्सल पाठवायचं नाही. पहिलं आठवड्याने पोचतं आणि दोन गोधड्यांचे पैसे एकाच गोधडीत जातात. तिला तारीख द्या, "अमुक तारखेपर्यंत चौकशीचं उत्तर बघू, नाही आलं तर पैसे परत किंवा नवी गोधडी, तुम्ही सांगाल ते." बारसं होऊन गेलं असेल तर तिला गोधडी नकोही असेल, म्हणून तिलाच विचारा. पेपालसारख्या मार्गाने पैसे आले असतील, तर पैसे दिल्यापासून १८० दिवसांपर्यंत ग्राहक तक्रार करू शकते. उत्तर द्यायला आपल्याला मात्र थोडेच दिवस मिळतात. तेव्हा पावतीचा फोटो आणि पाठवलेले निरोप, हाच आपला पुरावा. ते पुसू नका.

एक सावधगिरी. "तुमचं पार्सल अडकलंय, या लिंकवर पैसे भरा" असे खोटे संदेश फिरतात. लिंक दाबायची नाही, आपला नंबर आपणच खऱ्या संकेतस्थळावर टाकून बघायचा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० ला फोन करायचा.

आणि शेवटी तो सभेतला प्रश्न, नुकसान कोणाचं? शिवणाऱ्या बाईने तिचं काम पूर्ण केलं. पत्ता लिहिणारीने दिलेला पत्ता लिहिला. वाटेत काय झालं ते दोघींच्या हातात नव्हतं. एकीच्या गळ्यात हे घातलं तर उद्या पार्सल करायला कोणी पुढे येणार नाही. आपण बचत गट काढला तो एकीची अडचण सगळ्यांनी उचलायला. मग हा हिशेब करून बघा. समजा वर्षाला चाळीस पार्सलं जातात. दर पार्सलमागे नफ्यातून शंभर रुपये बाजूला ठेवले तर वर्षाला चार हजार जमतात. एखादं पार्सल खरंच गेलं, तर शिवणारीची मजुरी त्यातून द्यायची आणि ग्राहकाचे पैसेही परत करायचे. काहीच गेलं नाही तर रक्कम पुढच्या वर्षाला. महाग माल असेल तर विमा मिळतो का ते काउंटरवर विचारायचं.

हे तोंडी ठेवू नका. येत्या सभेत ठराव करा आणि इतिवृत्तात लिहा. दर पार्सलमागे किती रुपये, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी नंबर कोण बघणार, पैसे परत द्यायचे कधी आणि कोणी ठरवायचं. पार्सल अडकण्याच्या आधी हे ठरलेलं असलं, की अडकल्यावर सभेत प्रश्न निघेल तो "कोणी केलं" असा नाही, तर "आता काय करायचं" असा.

तुमच्या गटाने असा ठराव केला तर आम्हाला जरूर कळवा.