उड्डाणाचे पहिले मिनिट
लहान विमानांचे अपघात : कारणे आणि बोध



आकाशात उंचावरून जाणारे चिमुकले विमान पाहिले की जमिनीवरच्या माणसाला त्याच्या उंचीची धास्ती वाटते. वैमानिकाच्या दृष्टीने मात्र उंची हा आधार असतो. चार आसनांच्या लहान विमानाचे इंजिन आकाशात बंद पडले तरी ते दगडासारखे खाली कोसळत नाही. ते तरंगत, घसरत खाली येते आणि एक किलोमीटर उंची गमावताना सुमारे नऊ किलोमीटर अंतर कापते. तेवढ्या अवधीत बिघाड शोधता येतो, मोकळे शेत हेरता येते, मदत मागता येते. उड्डाणाच्या पहिल्या मिनिटात यांपैकी काहीच हाताशी नसते. वेग बेताचा, उंची नगण्य, इंजिनावर पूर्ण भार आणि समोर संपत आलेली धावपट्टी, अशा स्थितीत झालेली लहानशी चूकही निस्तरण्यास वेळ मिळत नाही.

या पहिल्या मिनिटातील अपघातांची चौकशी वाचली असता एक गोष्ट वारंवार आढळते. अपघात आकाशात घडला तरी त्याचे कारण बहुधा जमिनीवरच, विमान हलण्यापूर्वी, निर्माण झालेले असते. कोणी वजन मोजलेले नसते, कोणी टाकीतील पेट्रोल तपासलेले नसते, तर कोणी एक साधा अडसर काढावयास विसरलेले असते.

वेग आणि उचल

विमानाला वर उचलणारे बल पंखांभोवतीच्या हवेच्या प्रवाहातून मिळते, आणि ते वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. वेग थोडा कमी पडला तर उचल बरीच कमी पडते. १९५६ पासून ज्याची ४४,००० हून अधिक विमाने तयार झाली, त्या सेसना १७२ या लहान विमानाचे उदाहरण घेता येईल. ते ताशी सुमारे १०० किलोमीटर वेग आला की धावपट्टी सोडते. हा वेग येण्यापूर्वीच नाक वर ओढले, किंवा वर चढताना ते प्रमाणाबाहेर उचलले, तर पंखांच्या वरच्या बाजूने वाहणारी हवा पृष्ठभाग सोडून विस्कटते आणि उचल एकाएकी घटते. वैमानिक या अवस्थेला ‘स्टॉल’ म्हणतात. यात इंजिन बंद पडलेले नसते. पंखांचे कार्य थांबलेले असते. यावर उपाय म्हणजे नाक खाली करून वेग पुन्हा मिळविणे. परंतु जमीन अवघ्या तीस-चाळीस मीटरांवर असताना नाक खाली करण्यास मन धजत नाही. माणूस स्वभावतः दांडी आणखी मागे ओढतो आणि संकट वाढवितो.

जमिनीचा आणखी एक फसवा गुण आहे. पंखांच्या विस्ताराइतक्या उंचीच्या आत हवेचा रोध कमी असतो. म्हणून पुरेसा वेग नसतानाही विमान धावपट्टीवरून उचलले जाते. वैमानिकाला वाटते, उड्डाण साधले. पण दहा-बारा मीटर वर जाताच तो आधार सुटतो आणि विमान पुढे चढू शकत नाही. समोर झाडे किंवा विजेच्या तारा असल्या तर परिणाम उघडच आहे.

उन्हाळा आणि विरळ हवा

हवा तापली की विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाला प्राणवायू कमी मिळतो आणि पंख्याची ओढ घटते. असा हा तिहेरी तोटा आहे. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर आहे. परंतु मे महिन्यात तेथील पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे तेथील हवा प्रमाण वातावरणातील १,४०० ते १,५०० मीटर उंचीवरील हवेइतकी विरळ होते. म्हणजे महाबळेश्वरच्या उंचीवर एखाद्या थंड दिवशी जशी हवा असेल, तशा विरळ हवेतून नागपूरचे विमान वर चढत असते. डिसेंबरच्या सकाळी जी धावपट्टी ऐसपैस वाटते, तीच मे महिन्याच्या दुपारी अपुरी ठरू शकते.

अमेरिकेतील वायोमिंग राज्यातील शायेन येथे ११ एप्रिल १९९६ रोजी झालेला अपघात या संदर्भात पुष्कळ काही शिकवून जातो. सात वर्षांची एक मुलगी विमानातून देश ओलांडण्याचा विक्रम करण्यास निघाली होती. सोबत तिचे वडील आणि शिक्षक होते. विमानाची जबाबदारी शिक्षकावर होती. प्रवास कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठच्या हाफ मून बे येथून सुरू झाला होता, तर शायेनचा विमानतळ सुमारे १,८७५ मीटर उंचीवर होता. वजन मर्यादेपेक्षा चाळीसएक किलोने जास्त होते आणि वादळी पाऊस जवळ येत होता. विमान निघाले आणि थोड्याच क्षणांत स्टॉल होऊन कोसळले. तिघांचाही मृत्यू झाला. चौकशी करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने बिघडते हवामान, जादा वजन आणि अपरिचित विरळ हवा यांबरोबरच आणखी एक गोष्ट नोंदविली. वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांना दिलेल्या वेळा पाळण्यासाठी आखलेला अतिमहत्त्वाकांक्षी कार्यक्रम हेही एक कारण होते. समारंभाची वेळ गाठण्याची घाई आपल्या परिचयाची आहे. शायेनमध्ये त्या घाईने तीन जीव घेतले.

थोड्या थोड्याची बेरीज

‘थोडे जास्त वजन, थोडे गवत, मागून थोडा वारा, त्याने काय बिघडते?’ असा प्रश्न सहज विचारला जातो. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणाने लहान विमानांसाठी दिलेल्या मार्गदर्शक प्रमाणांवरून त्याचे उत्तर काढता येते. समजा, एखाद्या विमानाला थंड हवेत, पक्क्या धावपट्टीवर, वारा नसताना जमीन सोडून ५० फूट उंची गाठेपर्यंत ५०० मीटर लागतात. वजन दहा टक्क्यांनी वाढले तर हे अंतर वीस टक्क्यांनी वाढून ६०० मीटर होते. तापमान १० अंशांनी वाढले की ते ६६० होते. धावपट्टीवर कोरडे, बेताच्या उंचीचे गवत असेल तर सुमारे ७९० होते. आणि मागून ताशी केवळ दहा किलोमीटरचा वारा असेल तर ९५० मीटर होते. एकही गोष्ट मोठी नाही, परंतु त्यांचा एकमेकींशी गुणाकार होतो आणि अंतर जवळजवळ दुप्पट होते. गवत ओले असेल, जमीन मऊ असेल किंवा धावपट्टीला चढ असेल, तर त्याची भर वेगळीच.

वजनाइतकेच महत्त्व ते कोठे ठेवले आहे याला असते. भार मागे गेला म्हणजे विमानाचे नाक आपोआप वर जाऊ पाहते आणि एका मर्यादेपलीकडे ते खाली आणणे वैमानिकाच्या हाती राहत नाही. २५ ऑगस्ट २००१ रोजी बहामा बेटांवरील मार्श हार्बर येथून निघालेले सेसना ४०२ बी हे दोन इंजिनांचे विमान धावपट्टी सोडताच कोसळले आणि गायिका आलिया हिच्यासह नऊ जण मृत्युमुखी पडले. विमान मर्यादेपेक्षा शेकडो किलोंनी जड होते आणि भाराचा मध्य मागच्या सीमेबाहेर गेला होता.

पाणी पेट्रोलच्या तळाशी

इंजिन अचानक बंद पडण्यामागे पुष्कळदा यंत्राचा दोष नसतो, इंधनाचा असतो. अर्धवट रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव साचते, झाकण सैल असेल तर पावसाचे पाणीही शिरते. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी बसते. धावपट्टीपर्यंत जाताना नळीतील चांगल्या पेट्रोलवर इंजिन सुरळीत चालते आणि नेमके उड्डाणाच्या क्षणी पाणी त्याच्यापर्यंत पोहोचते. म्हणून उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाची तोटी उघडून काचेच्या लहान नळीत थोडे इंधन काढावयाचे आणि ते उजेडात धरून पाहावयाचे, असा नियम आहे. या पाहणीचा आणखी एक उपयोग आहे. लहान विमानांच्या पेट्रोलला मुद्दाम रंग दिलेला असतो. सध्या प्रचलित असलेले पेट्रोल निळे दिसते. जेट विमानांचे रॉकेलसारखे इंधन चुकून भरले गेले असेल तर तेही या वेळी लक्षात येऊ शकते. या पाहणीस दोन-तीन मिनिटे लागतात.

परत फिरण्याचा मोह

विमान शंभरएक मीटर उंचीवर असताना इंजिन बंद पडले, तर मागे राहिलेली धावपट्टी वैमानिकाला खुणावते. तिच्याकडे वळण्याच्या प्रयत्नात अनेक कुशल वैमानिकांनी प्राण गमावले आहेत. काय घडले हे उमगण्यातच काही सेकंद जातात. नुसते अर्धे वर्तुळ घेतले तर विमान धावपट्टीवर येत नाही, तिच्या बाजूला येते. म्हणून त्याहून अधिक वळावे लागते. वळताना पंख ४५ अंशांनी कलले की स्टॉलचा वेग सुमारे १९ टक्क्यांनी वाढतो, ६० अंशांनी कलले की ४१ टक्क्यांनी. म्हणजे हातचा वेग घटत असताना आवश्यक वेग वाढत जातो. यासाठी प्रशिक्षणात शिकविले जाते की, नाक ताबडतोब खाली करावे आणि समोर, थोडे डावी-उजवीकडे, जी जागा मिळेल तेथे उतरावे. शेतात उतरताना विमान मोडले तरी ते वैमानिकाच्या ताब्यात असेल तर आतील माणसे वाचण्याची शक्यता पुष्कळ असते.

हा निर्णय त्या क्षणी सुचत नाही. तो आधी घेऊन ठेवावा लागतो. म्हणून वैमानिक धावपट्टीच्या टोकाशी उभा असतानाच मोठ्याने उच्चारतो : निम्मी धावपट्टी संपेपर्यंत आवश्यक वेगाच्या सत्तर टक्के वेग आला नाही तर थांबावयाचे, अमुक उंचीखाली इंजिन गेले तर सरळ समोर उतरावयाचे.

विसरलेला अडसर

लिहिलेल्या तपासणी-सूचीचा वैमानिकांमध्ये जो प्रसार झाला, त्याचे मूळ एका अपघातात आहे. ते विमान लहान नव्हते. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील डेटन येथील राइट फील्डवर बोइंग कंपनीचे २९९ हे चार इंजिनांचे नवे बॉम्बफेकी विमान चाचणीसाठी उडाले. उभ्या विमानाची शेपटीची पाती वाऱ्याने आपटू नयेत म्हणून लावलेला अडसर काढावयाचा राहून गेला होता. विमान तीव्र चढण घेऊन स्टॉल झाले आणि कोसळले. दोघांचा मृत्यू झाला. सुकाणूवरील मेजर प्लॉयर हिल हे अननुभवी नव्हते. तेव्हा इतक्या गोष्टी केवळ स्मरणावर सोपवू नयेत असे ठरले आणि उड्डाणापूर्वी वाचावयाची सूची तयार झाली.

इतके होऊनही ३१ मे २०१४ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील बेडफर्ड येथे गल्फस्ट्रीम ४ हे खाजगी जेट विमान अडसर न काढता धावपट्टीवर धावले. ते जमीन सोडूच शकले नाही आणि सात जण दगावले. याच वैमानिकांनी त्यापूर्वीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा नियंत्रणांची पूर्ण तपासणी केली नव्हती, असे यंत्रातील नोंदींवरून उघड झाले. तपासणी टाळूनही काही बिघडले नाही, हा अनुभव इतक्या वेळा आला होता की टाळणे हीच पद्धत होऊन बसली.

विमानतळाच्या परिसरात

उड्डाणाच्या पहिल्या मिनिटाची सुरक्षितता सर्वस्वी वैमानिकाच्या हाती नसते. उघड्यावर टाकलेला कचरा आणि मेलेली जनावरे यांवर घारी व गिधाडे जमतात, आणि विमान सर्वांत दुर्बळ असते त्याच उंचीवर घिरट्या घालतात. भारताच्या १९३७ च्या विमान नियमांतील ९१ व्या नियमाने विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर जनावरे कापण्यास व कचरा टाकण्यास मनाई केली, ती याच कारणाने. धावपट्टीवर शिरलेली गुरे, कुंपणातील भगदाड, धावपट्टीच्या टोकासमोर वाढू दिलेली झाडे या गोष्टी ग्रामपंचायतीच्या आणि स्थानिक अधिकाऱ्यांच्या लक्षात प्रथम येतात. त्या वेळीच कळविल्या व दूर केल्या, तर विमानात कधी पाऊलही न ठेवलेला गावकरी त्या विमानातील माणसांच्या रक्षणास हातभार लावतो.

शाळेत वेगाचा वर्ग, तापमान आणि हवेची घनता, बल आणि त्याचा मध्य हे सर्व शिकविले जाते. तेच गणित धावपट्टीवर माणसांच्या जिवाशी जोडलेले असते, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे. वर दिलेले ५०० मीटरांचे ९५० मीटर होणारे उदाहरण फळ्यावर मांडण्यास पाच मिनिटे पुरतात.